अकरावा प्रश्न

प्रिय ठमे,

काल फोनवर तू म्हणालीस, बाबा, तुम्ही वाघ आहात, आणि मी मूग गिळून बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुझ्यापुढे माझं तोंड उघडत नाही. लिहिताना निदान हात चालतो. एकोणतीस वर्षं पाठ्यपुस्तक मंडळात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, दुसरं येतं काय मला?

सात वर्षांची असताना तू जिन्यावरून घसरलीस, आठवतं? माकडहाडाला मार बसला. रडता रडता विचारलंस, शेपूटच नाही तर हे हाड कशाला? म्हटलं, अगं, आपल्या फार फार जुन्या पूर्वजांना होती शेपूट. तशी डोळे पुसून तू आईची शेपूट शोधायला स्वयंपाकघरात पळालीस. पुढे तू विज्ञानाची शिक्षिका झालीस, त्याचं श्रेय मी मनातल्या मनात त्या जिन्यालाच देत आलो.

उत्क्रांतीचा धडा गाळा, असा वरून कागद आला तेव्हा बैठकीत आम्ही सात जण होतो. कारण काय, तर विद्यार्थ्यांवरचा भार कमी करणे. अठरा पानांचा भार! कुणी हूं की चूं केलं नाही. बाकीच्या सहांचं सोड, विज्ञानाचा संपादक मी होतो. मी शेपूट घातली. सही केली, चहा प्यायलो, आणि जागेवर येऊन त्या अठरा पानांवर लाल पेनाने स्वतः काट मारली.

धडा काढला की त्याची खूण मागे ठेवायची नाही, ही आमची रीत. अनुक्रमणिका, पानांचे आकडे, चित्रांखालच्या ओळी, सगळीकडून त्याला पुसायचं. मी पुसलं. पण पुस्तकाच्या शेवटी संमिश्र प्रश्न असतात, त्यांना धड्याचा क्रमांक नसतो. तिथे अकरावा राहून गेला. देवमाशाला मागचे पाय नाहीत, तरी त्याच्या शरीरात त्या पायांच्या हाडांचे अवशेष का आढळतात? तुझ्या वर्गातल्या एका मुलीने उत्तर विचारलं आणि तू दोन तास घेऊन अख्खा धडा शिकवलास. तक्रार झाली, आणि पुस्तकाबाहेरचं शिकवलं म्हणून तुला निलंबित केलं.

चौकशीत तू सांगितलंस की प्रश्न पुस्तकातलाच आहे, माझ्या वडिलांनी तो मुद्दाम ठेवला. मंडळ म्हणतं, नजरचूक. म्हणून परवा मला साक्षीला बोलावलंय.

ठमे, मंडळ खरं बोलतंय. ती नजरचूकच, आणि नजर माझी. चौथं प्रूफ वाचताना डोळे शिणले होते, ते पान मी न वाचताच उलटलं. दिसला असता तर तो प्रश्नही खोडला असता. अगदी नक्की खोडला असता गं.

परवा मी सांगणार आहे की तो मी जाणूनबुजून ठेवला. मग तो पुस्तकाचा भाग ठरेल आणि तुझी नोकरी वाचेल. माझं जे व्हायचं ते होवो. खोटं बोलण्याचं मला काही वाटत नाही. पण तू समोर बसलेली असशील. म्हणून हे पत्र. मी बोलत असेन तेव्हा खाली बघ, खिडकीबाहेर बघ, पण माझ्याकडे अभिमानाने बघू नकोस. तेवढं मला सोसणार नाही.

तुझाच, पान उलटून गेलेला,
बाबा