तिसरी खिडकी

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा दुखतो हे वाचून वाईट वाटलं. त्याच गुडघ्यावर ते दिवसातून चारदा गच्चीवर जातात हे पुढच्या ओळीत वाचलं आणि वाईट वाटायचं थांबलं.

इकडची बातमी म्हणजे जुनी कचेरी पडली. अकरा दिवस लागले. हेडमास्तर जो भेटेल त्याला नऊ सांगतात, कारण भिंती गेल्यावर ते बघायला यायचे थांबले. शेवटचे दोन दिवस जोतं निघत होतं, ते काय आपोआप निघालं? मी दुकानाच्या पायरीवरून सगळं पाहिलं. माझ्या एकूण एक फ्रेमच्या काचेवर चुना बसला होता. पुसावा तर तासाभरात पुन्हा तेवढाच.

नव्या इमारतीच्या दर्शनी दालनात जुनीचा लाकडी नमुना ठेवायचा आणि लोकांच्या आठवणींची एक पुस्तिका काढायची, असं समितीनं ठरवलं आहे. दोन्ही कामं माझ्याकडे आली. गावात दोन इंजिनियर असताना सातवीत शाळा सुटलेल्या फ्रेमवाल्याकडे आली, हे लक्षात घे. पाडण्याआधी तीन रविवार मी टेप घेऊन कचेरीत होतो. कोनाडे, खुंट्या, चौकटीतले खिळेसुद्धा वहीत आहेत. एका फुटाला अर्धा इंच धरून नमुना चालू आहे. खिडक्यांना कबुतरांसाठी बारीक जाळी होती, ती करायला घरातली चहाची गाळणी कापली. त्यावरून बायको गेले तीन दिवस मला चोथ्यासकट चहा देते.

आठवणींचं मात्र विचारू नकोस. लोक दुकानात येतात, बसतात, डोळे मिटतात आणि थापा मारतात. सलूनवाला म्हणतो पायऱ्या अकरा होत्या, लहानपणी तो अकराव्या पायरीवरून पडला. पायऱ्या नऊ. नसलेल्या पायरीवरून हा पडला कसा, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आता मुद्द्याचं. आईला आता उजेडसुद्धा कळत नाही. नमुना झाला की बाबांची खिडकी मला हातानं बघायची आहे, असं ती रोज म्हणते. पुढच्या बाजूला माडीवर सात खिडक्या, त्यातली तिसरी बाबांची, हे आपण जन्मभर ऐकत आलो. ताई, मी समोर उभा राहून डावीकडून मोजलं. तिसरी खिडकी खोटी होती. बाहेरून चौकट, आत वीट आणि वर गिलावा. तिच्यामागून जिना जात होता, म्हणून बांधतानाच बुजवलेली. त्या जागी सुईसुद्धा आरपार गेली नसती, मग बाबांनी हात कसा केला?

माझ्या जन्माआधीची गोष्ट. आईचं बोट धरून रोज जात होतीस ती तू. बाबांची भिंतबघी तू! काय दिसायचं ते लेखी कळव. नमुना एक मार्चला मांडायचा आहे.

भाऊजींना नमस्कार. आहे तो लोभ कमी करू नये, ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ


ता. १५ जानेवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

ते नाव पुन्हा लिहू नकोस. बाबा गेले, त्यांच्याबरोबर तेही गेलं असं मी धरून चालले होते.

तू विचारलंस म्हणून सांगते. आजवर यांनाही सांगितलेलं नाही. मी सहा वर्षांची होते. दुपारी एकला आम्ही डबा घेऊन कचेरीच्या फाटकाशी जायचो. बायकामुलांना आत मज्जाव होता. पहारेकरी डबा वर पाठवायचा आणि आम्ही रस्ता ओलांडून झाडाखाली उभ्या राहायचो. मग आई वर बघून हात हलवायची. तिची नजर तेव्हाही अधू होती, पण चष्म्याचं नाव काढलं की तिला राग यायचा. बाबा तिसऱ्या खिडकीत बसतात, असं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी नुकतीच मोजायला शिकले होते. बोट धरून एक, दोन, तीन मोजलं, तर समोर भिंत.

तेवढ्यात आईनं विचारलं, बाबांनी हात केला का. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि केला म्हणाले. दुसऱ्या दिवशीही म्हणाले. तीन वर्षं रोज म्हणत राहिले. मान वर करून त्या गिलाव्याकडे बघायचं आणि केला म्हणायचं. बाकीच्या खिडक्यांच्या जाळीमागे चेहरा कुणाचाच दिसत नसे. दोन खिडक्या पलीकडे कुणी कारकून बरोबर एकच्या ठोक्याला तांबडं फडकं झटकायचा, तेवढं आठवतं. मला वाटायचं, साऱ्या कचेरीत हा एकटाच काय तो टापटिपीचा.

पुढे एकदा बाबांना मी तळघराच्या दारातून खांद्यावर कागदांची दप्तरं घेऊन येताना पाहिलं. मग सगळा उलगडा झाला. यांची जागा तळघरात, आणि बायकोपुढे ऐट माडीवरच्या खिडकीची. माझं खोटंही त्यांनी ओळखलं असणार, कारण त्याच सुमाराला ते मला भिंतबघी म्हणायला लागले. आधी हसून म्हणायचे, पुढे हसायचे थांबले, हाक मात्र तीच. मी त्याचा अर्थ घेतला की पोरी, तू कुठे बघतेस ते मला माहीत आहे, तोंड मिटून बस. मी मिटलं. एका ताटाभोवती दोन खोटारडे जेवायला बसायचे.

त्यांच्या आजारात तुझी चार पत्रं आली आणि मी आले नाही. यांच्या बदलीचं कारण खोटं होतं. त्या माणसाच्या उशाशी बसून मला त्यांना काही म्हणायचं नव्हतं आणि त्यांच्याकडून ते नाव ऐकायचं नव्हतं.

आता एकच मागणं. तिसरी खिडकी कोरून उघड. आईच्या बोटांना तेवढंच कळणार आहे जेवढं तू कोरशील. लाकूडच आहे ते, भोक पाडलं तर रडणार नाही. आणि हे पत्र फाडून टाक.

बायकोला नवी गाळणी घेऊन दे. सगळ्यांवर माझी माया आहे, तुझ्यावरही, तशीच तुझी असू दे.

तुझी ताई


ता. २८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फाडलेलं नाही.

खिडकी उघडणार नाही. पायऱ्या नऊ म्हणालो म्हणून सलूनवाला माझ्याशी बोलेनासा झाला आहे आणि मी सध्या डोक्यावर जंगल घेऊन फिरतो. त्याच्यासाठी दोन पायऱ्या वाढवल्या नाहीत, तुझ्यासाठी भिंत पाडू?

बाबांचं वाचून मात्र करमणूक झाली. चौदा महिने मी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवत होतो. पाठीला जखम होऊ नये म्हणून घड्याळ लावून वळवत होतो, आणि झाली नाही. माझ्या मनात यायचं, ताईची खरंच काहीतरी अडचण असेल. अडचण खिडकीची होती, होय? बरं झालं कळलं.

खोटं तुम्हा दोघांचं, आणि पन्नास वर्षं फसत आली ती आई. म्हणून तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तळघरासकट, एक शब्द न गाळता. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एका बाहीवर हात थांबला. मग तिनं तांबड्या फडक्याची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. वाचली. नंतर तिनं उरलेल्या घड्या घातल्या.

पुस्तिकेतही पत्र घेतलं आहे, पान चौदा. नाव घातलेलं नाही. ‘कचेरीतल्या एका दप्तरदाराच्या मुलीची आठवण’ एवढंच. अख्ख्या पुस्तिकेत खरं तेवढं एकच पान, असं हेडमास्तर म्हणाले. अर्थात आमच्या गावात दप्तरदार एकच होता आणि त्याला मुलगी एकच, त्याला माझा इलाज नाही.

भाऊजींना जिने चढू देऊ नकोस. लोभात अंतर पडू नये.

तुझा धाकटा भाऊ


ता. ६ फेब्रुवारी

फूटपट्टीस,

आशीर्वाद या वेळी नाहीत. शेवटी उरले तर लिहीन.

डोळे नसलेल्या बाईसमोर बसून तू ते वाचलंस. तुला बाबांनी ती लांब पट्टी दिली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. पहिल्याच दिवशी तू सगळ्यांची उंची मोजलीस आणि शेजारच्या बायकांसमोर जाहीर केलंस की आपली आई आळीत सगळ्यांत बुटकी. सगळ्या हसल्या, आई पदर सारखा करत आत गेली, आणि तू माप बरोबर आहे म्हणून ओरडत तिच्या मागे गेलास. तू अजून तिच्या मागेच ओरडत फिरतो आहेस.

आणि इंजिनियरांचं म्हणशील तर ते दोघे नको म्हणाले म्हणून नमुना तुझ्याकडे आला. हेडमास्तरांच्या बायकोनं मला तेव्हाच कळवलं होतं. तुझ्या आनंदावर पाणी पडू नये म्हणून मी गप्प होते. गप्प बसणं ही माझी जुनी खोड. तू मोडलीस, बरं केलंस.

चौदा महिन्यांचा पाढा मला ऐकवू नकोस. तू केलंस, जगाला सांगून केलंस. मला यायचं नव्हतं, मी आले नाही. खोटं बोलणाऱ्या बापाला मी माझ्यापुरती शिक्षा दिली, ती भोगून ते गेले. मला तिचा पश्चात्ताप नाही.

आईचं तेवढं सांग. नमुन्याला हात लावल्यावर ती काय म्हणाली, माझ्याबद्दल काय म्हणाली, शिवी दिली असेल तर तीही लिही. मापात तू काही सोडत नाहीस ना, मग यातही सोडू नकोस. चौदावं पान फाड. एक तारखेला मी येते आणि तिच्यासमोर बसून माफी मागते. तिची. तुझी नव्हे.

आशीर्वाद उरले नाहीत.

ताई


ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे आशीर्वाद राहिले, माझा नमस्कार नेहमीप्रमाणे.

नमुना रविवारी पुरा झाला. जेवणाच्या टेबलावर ठेवून आईला समोर बसवलं. तिनं आधी पायऱ्या मोजल्या, नऊ भरल्यावर मान हलवली. मग हात माडीवर नेले. ते उजव्या टोकाला गेले. मी म्हणालो, डावीकडून सुरू कर. ती म्हणाली, घराकडून येताना उजवं टोक आधी लागायचं, मग पलीकडून कशाला मोजायचं? तिनं एक, दोन, तीन केलं. तिसऱ्या खिडकीत बोट आत गेलं आणि गाळणीच्या जाळीला टेकलं. बाबा इथं बसायचे, म्हणाली, भिंत कोण म्हणतं?

माझ्या वहीत ती पाचवी. वही उघडून पाहिलं. पाचव्या खिडकीमागे दप्तराची खोली. फरशीवर टेबलाच्या चार पायांचे खळगे. चौकटीत उजव्या हाताला, जमिनीपासून पाच फुटांवर एक खिळा. तो कशासाठी हे तेव्हा कळलं नव्हतं. फडकं टांगायला होता. दप्तर बांधायचं तांबडं फडकं, ताई. तुझा टापटिपीचा कारकून तो.

मग आईनं सगळं सांगितलं. तिला चेहरा दिसत नसे, तांबडं दिसायचं. तिची नजर अधू म्हणूनच बाबांनी तांबडं घेतलं. ती तुला विचारायची ते तू वर बघावंस म्हणून. तू केला म्हणायचीस, तिला वाटायचं दिसलं. पहिल्या आठवड्यातच बाबांनी घरी येऊन हसत विचारलं होतं की ही पोर भिंतीकडे का बघते? तिथून ते नाव. मग ते फडकं जोरानं हलवायला लागले. पुढच्या वर्षी त्यांनी ते लांब पट्टीला बांधलं. जी पुढे मला मिळाली, तीच पट्टी. तिसऱ्या वर्षी आई तुला सांगणार होती, तर बाबांनीच तिला थांबवलं. सांगितल्यावर बघितलं तर काय उपयोग, एक दिवस आपणहून मान वळवेल, असं त्यांचं म्हणणं. तळघरातून दप्तरं वर आणणं हे दप्तरदाराचं रोजचं काम होतं.

आजारपणात त्यांची खाट खिडकीशी होती. फाटक वाजलं की भिंतबघी आली का म्हणून विचारायचे. शेवटी शेवटी फाटक न वाजताही. मी चारही पत्रांत तुझी आठवण काढतात एवढंच लिहिलं, कोणत्या नावानं ते लिहिलं नाही. तेवढं माझ्याकडून राहिलं, ते आता लिहिलं.

तुझ्याबद्दल आई म्हणाली की माफी कसली, पोर माझ्यासाठी खोटं बोलली. आणि हे सगळं तिला कळवू नकोस म्हणाली. बाप खोटारडा होता असं समजून ती एवढं जगली, आता खरं कळलं तर तिच्यानं सोसवणार नाही, असंही म्हणाली. पण तू काही सोडू नकोस असं लेखी विचारलं आहेस, आणि अर्धं माप मी कुणालाच देत नाही.

चौदावं पान काढलं. माहिती चुकीची निघाली. माझ्या मापात चूक नव्हती. कोणत्या टोकाकडून, ते मी आईला विचारलं नव्हतं.

फडकं बाबांच्या निवृत्तीनंतर घरी आलं होतं. मी अकरा वर्षं त्यानं काचा पुसल्या. कचेरीचा चुनाही त्यानंच पुसला, त्यात ते विरलं. नखाएवढा तुकडा निघाला, तो पाचव्या खिडकीच्या जाळीमागे चिकटवला आहे. आईचं बोट तिथवर पोचतं.

कार्यक्रम एक तारखेला सकाळी अकराला. यायचं की नाही ते तू ठरव. पूर्वी होता त्यातला थोडा लोभ शिल्लक असेल तर राहू द्यावा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. आलीस तर उजवीकडून मोज.