रंग चिकटलाच आहे

३ मार्च, सोमवार
रंग सेल्युलोजला चिकटलाय की नुसता त्यात बसलाय, हे कसं ओळखायचं? सरांनी विचारलं. मला उत्तर येत नाही. हे इथेच कबूल करते. तिथे "बघते सर" म्हणाले.
शनिवारी चिकटलेला रंग दाखवायचा, नाहीतर जखमेवर लावायच्या सेल्युलोज-जेलचं हे काम टापटीपला. टापटीप म्हणजे समोरच्या टेबलावरचा, इस्त्रीचा कोट घालणारा. असं होणार नाही. घरातली पहिली पदवीधर आहे मी.
संकल्प: घाई करायची नाही.

४ मार्च, दुपारी
डायला, म्हणजे आमच्या रंगाला, अमाईन नावाचा रासायनिक गट दिसला की तो धरतो, म्हणून सेल्युलोजला आधीच अमाईन जोडून ठेवलंय. आता फक्त दोघांना एकत्र आणायचं. त्यासाठी आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, म्हणजे बफर, लागतं; नवा बफर करण्यात वेळ जातो. कपाटात ट्रिस नावाच्या बफरची बाटली तयार होती. बफर शेवटी बफरच.
निळ्या दिव्याखाली धरलं. हिरवागार उजेड! चिकटला! टापटीपने विचारलं, धुतलंस का? जळतो मेला.
आईला फोन केला. म्हणाली, म्हणजे तू डॉक्टर झालीस का गं? म्हटलं, जवळजवळ. तिने शेजारच्या काकूंना "जवळजवळ" गाळून सांगितलं.

५ मार्च
धुणं सुरू. सगळं मिश्रण बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून ती पाण्यात सोडली. मोकळा रंग तिच्या छिद्रांतून बाहेर जातो, चिकटलेला आत राहतो. बाहेरचं पाणी हिरवं. साहजिक आहे, डाय मी सढळ हाताने घातला होता.

६ मार्च
पाणी बदललं. हिरवं. पुन्हा बदललं. हिरवं. पिशवी मात्र फिकी वाटते. खोलीत उजेड फार. पडदे ओढले. तरी फिकी. दिवाच जुना झाला असणार. टापटीप म्हणाला, दिवा गेल्याच महिन्यात बदललाय. याला कोणी विचारलं होतं?

७ मार्च
पाणी स्वच्छ! ओरडलेच. मग पिशवी पाहिली. तीही स्वच्छ.
लॅबमधल्या सीनियर ताईला दाखवली. तिने विचारलं, बफर कुठला गं? सांगितलं. ती हसली, मग खुर्ची ओढून शेजारी बसली. ते जास्त लागलं. म्हणाली, अगं, ट्रिस म्हणजेच अमाईन. डायने तुझ्या सेल्युलोजकडे ढुंकूनही पाहिलं नाही, बफरच्याच गळ्यात पडला, आणि दोघं मोरीतून गेले.
हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंय. मार्कही मिळालेत.
उद्या सकाळी पिशवीत ताज्या डायचे दोन थेंब टाकले तर? ही फसवणूक नाही. प्रात्यक्षिक आहे.

८ मार्च
ड्रॉपर हातात घेतला होता, खोटं कशाला बोलू? हात पुढे गेला नाही. पिशवी तशीच रंगहीन नेली.
सत्य आणि विज्ञान यांवर चार वाक्यं पाठ केली होती. दुसऱ्याच वाक्याला सर म्हणाले, बाहेरचं हिरवं पाणी मी बुधवारीच पाहिलं होतं. मग मीच म्हणाले, सर, काम टापटीपला द्या. वाटलं, नको म्हणतील. ते "बरं" म्हणाले.
डायची डबी आणि उरलेलं सेल्युलोज त्याच्या टेबलावर ठेवून आले.