आबांच्या डावीकडचा पाट

धामणगाव बढे,
दि. ७ एप्रिल १९६३

तीर्थस्वरूप उत्तमदादा यांस,

धाकट्या विमलचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, मायचे गुडघे जरा बरे आहेत, कुरडया वाळल्या, हे सगळं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता खरी बातमी. दादा, काल आबांनी तुझा सिनेमा पाहिला.

पुन्हा वाच. मीही लिहून दोनदा वाचलं.

मी नांदुऱ्याहून आठ दिवसांपूर्वी इथं माहेरी आले. परवा गावात तंबूवाले आले आणि बैलगाडीवर कर्णा लावून ओरडत फिरले. त्यांनी वाटलेल्या कागदावर तुझं नाव अगदी तळाला होतं, छापखान्याच्या नावाच्या जरासं वर. पण होतं! मी तो कागद घेऊन धावत घरी आले आणि मायला दाखवला. तिला वाचता येत नाही, तरी तिनं बोट ठेवून बरोबर जागा विचारून घेतली. आजवर अकरा बोलपटांत तू दोनदा हवालदार झालास, एकदा पोस्टमन, एकदा वकिलाचा कारकून, आणि पहिल्यात तर नुसतं दार उघडलंस. आता म्हातारा घरगडी, आणि चांगले चार प्रवेश! माझे भाऊराव आता मोठे नट झाले, आम्हाला ओळख देतील की नाही कोण जाणे.

मी आणि माय जाणार हे ठरलेलंच होतं. आबांना कोण विचारणार? माझ्या लग्नातून तू निघून नाटक मंडळीत गेलास, तेव्हा "याचं तोंड पाहणार नाही" म्हणाले होते, आणि आबा बोलले की बोलले. चौदा वर्षं घरात तुझं नाव निघालं की ते उठून गोठ्याकडे जायचे. तुझी पत्रं माझ्या सासरच्या पत्त्यावर येतात हे त्यांना माहीत आहे, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

काल दुपारी मात्र शेजारच्या गोजरकाकू पापड लाटायला आल्या होत्या, तेव्हा आबा ओसरीवरून म्हणाले, "काहो, त्या पडद्याच्या मांगंबी बसवतात म्हणे. मांगून काय दिसते?" काकूंनी जन्मात सिनेमा पाहिलेला नाही, पण त्यांना माहीत नाही असं काही नाही. म्हणाल्या, "मांगून पाठच दिसन ना मानसाची." आबांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "म्या तोंडाची शपथ घेतली होती. पाठ पाहाले काही हरकत नाही."

दादा, मी तोंडात पदर कोंबला. नांदुऱ्याला मी चार सिनेमे पाहिलेत. हे लोक पडदा तंबूच्या मधोमध टांगतात, त्यावर पाणी मारतात आणि मागच्या बाजूलाही तेच चित्र उमटतं, फक्त उलटं, आरशातल्यासारखं. पाठबीठ काही दिसत नाही. हे मला ठाऊक होतं आणि मी एक अक्षर बोलले नाही. मायकडे पाहिलं तर ती भराभर पीठ मळत होती.

दिवेलागणीला आम्ही तिघं गेलो. आबा धुतलेलं धोतर नेसून आणि फेटा बांधून, जसं काही कोणाकडे सोयरीक जमवायला निघालेत. मागच्या बाजूला मातीतच बसलो. खेळ सुरू झाला आणि समोर माणसांची तोंडं आली तसे आबा दचकले. मला वाटलं आता उठतात. पण ते उठले नाहीत. मायला म्हणाले, "आपला यायच्यात दिसत नाही." तू तेव्हा समोरच होतास! पांढऱ्या मिशा, वाकलेली कंबर, हातात कंदील. मायनं तुला चालण्यावरून कधीच ओळखलं होतं आणि तिचे डोळे वाहत होते. आबा मात्र प्रत्येक तरण्या माणसाला निरखून बघत होते. चौदा वर्षांत तूही चाळिशीला आलास हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

मग तुझा तो जेवणाचा प्रवेश आला. सगळं घर जेवून उठलंय, तू चुलीशी एकटा बसून भाकरी मोडतोस, घास तोंडापाशी नेतोस आणि धन्याची लेक दारात येऊन विचारते, तिचं पत्र कुणी जाळलं. तू काही बोलत नाहीस, घास तसाच हातात. दादा, काय केलंस रे तू ते! पुढच्या बाजूला शिट्ट्या वाजवणारी टोळी बसली होती, तिची एक शिट्टी ऐकू आली नाही. मला तर वाटलं आता उभं राहून सांगावं, हा माझा भाऊ आहे.

तेवढ्यात आबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "हा. हा आपला हाये. पाह्य, डाव्या हातानंच जेवून राह्यला अजून."

कळलं ना तुला? पडदा मागून उलटा. तू जेवत होतास उजव्यानं. तूच मला लिहिलं होतंस की स्टुडिओत दिग्दर्शकांना डावा घास खटकला, म्हणून तीन महिने तू खोलीवर डावा हात मांडीखाली दाबून जेवायला शिकलास. आबांनी तुझ्या लहानपणी त्या हातावर पिशवी शिवून पाहिली, तरी जे जमलं नाही ते सिनेमानं करून टाकलं. हे सगळं मला माहीत होतं, आणि आबांनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. मी म्हणाले, हो आबा, डाव्यानंच.

आज सकाळी मायला म्हणाले, "त्याले लिहा म्हना, आखाजीले ये. त्याचा पाट माह्या डाव्या अंगाले मांडा, म्हंजे कोपराले कोपर लागनार नाही. जेवू द्या पोराले त्याच्या हातानं."

मी कागद घेऊन बसले ती तेव्हापासून. एवढंच लिहून पत्र पेटीत टाकता आलं असतं. पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती मी चौदा वर्षं टाळली आहे.

माझ्या लग्नाच्या पंगतीत, सासरची माणसं समोर असताना, आबांनी तुला दंडाला धरून उठवलं. तू त्यांच्यावर रागावलास. त्यांच्यावर रागावू नको, दादा. त्या सकाळी मीच त्यांना म्हटलं होतं की दादाला पंगतीत बसवू नका, लोक हसतील, मला सासरी ऐकून घ्यावं लागेल. आबा म्हणाले, "बसू दे, भाऊ हाये तुहा." मी रडले, बोहल्यावर उभी राहणार नाही म्हणाले. तरी त्यांनी तुला बसू दिलं. मग तुझा डावा हात वरणभातात गेला, समोरचं कुणीतरी हसलं, आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. तेव्हा ते उठले. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही, मायलासुद्धा नाही. माझी लाज त्यांनी आपल्या नावावर घेतली आणि वर शपथही निभावली. तुला राग धरायचा तर माझ्यावर धर, पण ये.

अक्षय्यतृतीयेला वीसेक दिवस आहेत. नांदुऱ्याला उतर, हे स्टेशनवर येतील, तिथून तुम्ही दोघं बसनं इकडे या. गोजरकाकूंनी गावभर सांगितलंय, त्यामुळे मिशा लावून आलास तर बरं, नाहीतर कुणी ओळखणार नाही.

आणि एक कर. येईपर्यंत रोज खोलीवर डाव्या हातानं जेवायचा सराव कर. पडदा मागून उलटा दिसतो हे मी आबांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

या वेळी मान वर ठेवून तुला वाढणार असलेली,
तुझी विमल