जनुकमुक्त स्वयंपाकघर

मानवजात एका निर्णायक वळणावर उभी आहे, असं तू परवा जेवताना म्हणालास. आज सकाळी मानवजात ओट्यापाशी रिकाम्या बरण्यांसमोर उभी होती. तिचं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि ती आपली आई आहे.

तेल, सोयाबीन, मक्याचं पीठ आणि ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला लिहून दिलेली प्रोटीनची पावडर, सगळं तू कचऱ्यात टाकलंस. उरलेल्या डब्यांवर ‘जनुकमुक्त’ अशी लेबलं डकवलीस. तांदळात जनुकं नसतील तर ते तांदूळ नव्हेत, खडे आहेत. मिठाच्या बरणीवरचं लेबल तेवढं खरं आहे. अभिनंदन.

बियाण्यांवर मालकी कोणाची, चाचण्या कोण करतं, हे प्रश्न रास्त आहेत. जनुकं बदललेल्या पिकांविरुद्ध तू वाटतोस त्या पत्रकात त्यातला एकही नाही. माशाचं टोमॅटोशी लग्न लागल्याचं चित्र मात्र रंगीत छापलंय.

आईने मला विचारलं, “अगं, ते बदललेलं पोटात गेलं तर मीही बदलेन का?”

म्हटलं, “जन्मभर बटाटे खाल्लेस, झालीस का बटाटा?”

ती हसली, पण ताट सरकवून म्हणाली, “तो एवढा शिकलेला, उगाच सांगेल का?”

कालपासून ती फक्त चहावर आहे. म्हणून तिला मामाकडे नेतेय. मामा काही वाचत नाही, त्यामुळे तिथे जेवण होतं. तू येऊ नकोस. फोन करून तिला जेवायला सांग, तुझंच ऐकेल.

तुझं इन्सुलिन फ्रिजच्या दारात आहे. ते जनुकं बदललेल्या जंतूंकडून करून घेतात. आठ वाजता घे.

– ताई