कूलरसमोरची भुकटी

१५ एप्रिल
काल जयंतीत नाचून पाय गेले. पाचला उठायचा संकल्प उद्यापासून. पीएचडीचं सातवं वर्ष. गाइड करुणा मॅडम म्हणाल्या, राजेंद्र, मेअखेर रिझल्ट दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. मला डिवचून उत्तम काम करून घ्यायची त्यांची पद्धत.

१६ एप्रिल, सकाळी साडेनऊ
पाचला उठलो होतो. परत झोपलो. दौलताबादच्या सीताफळांच्या साली भाजून केलेली काळी भुकटी तयार! हिच्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांत जाऊन बसणार, भुकटीचं वजन वाढणार, जग वाचणार. बशी कूलरसमोर ठेवली. मीही तिथंच बसतो.

२१ एप्रिल
वजन ढिम्म. नळ आठवडाभर आलेला नाही, कूलर कोरडा, डोकं चालेना. मोनाली (बायको, घर सध्या तिच्या पगारावर) म्हणाली, कोळसा इस्त्रीवाल्या कडुबाला देऊन टाक, त्याचं तरी भलं होईल. न्यूटनला बायको नव्हती.

२२ एप्रिल
नळ आला. कूलर सुरू. आणि वजन दणकून वाढलं!! कारणही सापडलं: पाण्याच्या दिवशी अख्खी गल्ली भांडते. भांडताना माणसं जोरात श्वास सोडतात. तो सगळा माझ्या बशीत.

३० एप्रिल
पुन्हा नळ, पुन्हा भांडण, पुन्हा वजन. प्रयोग म्हणून शेजारच्या मनकर्णाबाईंचा हंडा मुद्दाम मागे सरकवला. त्या म्हणाल्या, लई शिकला म्हणून अक्कल येती व्हय? दमदार उच्छ्वास. विज्ञानासाठी ऐकून घेतलं.
मोनालीची कटकट: कूलरपाशी ठेवलेले पापड सादळले. हिला पापडापलीकडं काही दिसत नाही.

२६ मे
सादरीकरण. आलेख बघून मॅडमनी विचारलं, बशी कुठं ठेवली होती? सांगितलं.  त्यांनी चिमूटभर भुकटी परीक्षानळीत तापवली. वर काचेला पाण्याचे थेंब जमले. म्हणाल्या, सात वर्षांत तुम्ही कूलरचं पाणी पकडलंत.
नोंदणी रद्द. स्कूटर लावून पार्किंगमध्येच रडलो.

२८ मे
 मोनालीनं उरलेली भुकटी फडक्यात बांधून पापडांच्या डब्यात ठेवली. आज जेवताना पापड भाजला. कडकडीत. मनकर्णाबाईंनीही एक पुरचुंडी नेली.
उद्या पाचला उठायचं. कशासाठी, ते सुचेना.