गाडीपाशी माणूस पाहिजे

बाबा, मागच्या महिन्यात मी तुमच्या जागी बसले होते. गाविलगडाच्या दरवाज्याबाहेर, जिथे गाड्या लावतात तिथे, गाडीत. ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि सांगायचं तर मधलंही थोडं सांगावं लागेल. तुम्ही गेलात तेव्हा मी अकोल्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते, आणि पुढच्या जूनमध्ये पोरगी पर्मनंट होणार असं तुम्ही परतवाड्याच्या स्टँडवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तो जून काही आला नाही. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, तोच पगार, तोही तीन-चार महिन्यांनी. शेवटी विषयच बंद झाला, मुलं येईनात म्हणून. मग मी अमरावतीला आले आणि एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे गाईडचं काम धरलं. म्हणजे फिरून तुमच्याच धंद्यात आले. तुम्ही ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता, आणि नंतर आईला दिसणार नाही असं हसला असता.

तुमच्या वेळी पास नव्हता. परतवाड्याच्या स्टँडवर शेठच्या तीन जीपा उभ्या असायच्या, त्यातली एक तुमच्या हाती, आणि पाटीवर लिहिलेलं असायचं, ‘फुल साइटसीन’. गिऱ्हाईक यायचं, घासाघीस व्हायची, आणि तुम्ही घाट चढायला लागायचा. आता पास असतो. मोबाइलवर येतो, त्यावर काळे-पांढरे ठिपके असतात, ते आमच्या यंत्रावर दाखवायचे. ‘एक दिवस, एक पास, सात ठिकाणं.’ सकाळी अमरावतीहून निघायचं, अचलपूरचा परकोट, दुल्हा दरवाजा, हौज कटोरा, मग जेवण, मग घाटातला पॉइंट, भीमकुंड, गाविलगड आणि शेवटी सूर्यास्त. लोक ठिकाणांवर खुणा करत जातात. हौज कटोऱ्यासमोर मी सांगत असते की ही आठकोनी इमारत पाण्याच्या मधोमध उभी होती, आणि कोणीतरी विचारतं, ‘मॅडम, हे तिसरं की चौथं?’ पहिल्या वर्षी मला राग यायचा. दुसऱ्या वर्षी हसू यायचं. आता मी फक्त सांगते, ‘तिसरं.’ बाबा, मी तीच वाक्यं इतक्या वेळा बोलले आहे की बोलता बोलता घरी जाऊन कोणती भाजी करायची ते ठरवते. तोंड चालू असतं आणि मी तिथे नसते. कॉलेजात असं कधी झालं नव्हतं.

तुम्ही मला पहिल्यांदा वर नेलं ते आठवतंय का? मी चौथी-पाचवीत असेन. नागपूरची मंडळी होती, पुढची एक सीट रिकामी राहिली होती, आणि तुम्ही घरासमोर जीप थांबवून हॉर्न वाजवला. आईनं घाईघाईनं फडक्यात भाकर आणि ठेचा बांधून दिला. किल्ल्याशी पोचलो. मंडळी उतरली, आणि मी तुमचा हात धरून निघाले, तर तुम्ही हात सोडवून घेतला. ‘तू जाय त्याइच्या मांगं मांगं. मी गाडीपाशी हावो.’ मला भीती वाटली, पण गेले. दरवाज्यावर दगडात कोरलेला दोन डोक्यांचा पक्षी पाहिला. आत तळं पाहिलं, मोडकी मशीद पाहिली, गवतात पडलेली तोफ पाहिली. परत आले तर तुम्ही बॉनेटला टेकून उभे. भाकर सोडली, अर्धी मला दिली, आणि म्हणालात, ‘सांग बरं, काय काय पायलं तं.’

मी सांगत गेले आणि तुम्ही विचारत गेलात. पक्ष्याची डोकी कोणत्या अंगाला वळलेली? नखात काय धरलं? तळ्याचं पाणी हिरवं का काळं? मला वाटलं माझी परीक्षा घेताय. पण उतरताना एका बाईंनी तुम्हाला विचारलं, ‘ड्रायव्हरसाहेब, तुम्ही तर शंभरदा पाहिला असेल किल्ला,’ आणि तुम्ही वळणाकडे बघत म्हणालात, ‘अंदर नाई गेलो कदी. पन सारा मालूम हाये.’ बाई हसल्या. मी हसले नाही. घरी रात्रीच्या जेवणाला तुम्ही चुलीशी बसून आईला सांगत होता, दोन डोक्यांचा पक्षी, त्याच्या पायात हत्ती, जणू त्या दुपारी तुम्हीच दरवाज्याखाली मान वर करून उभे होता. आई भाकरी थापत म्हणत होती, ‘अस्सं?’ तिला कळत होतं की नाही, कोण जाणे. नंतर लक्षात आलं की प्रत्येक फेरीला तुम्ही हेच करायचा. परत आलेल्या माणसांना पाणी द्यायचं आणि विचारायचं. हैदराबादचे काय म्हणाले, अकोल्याचे मास्तर काय म्हणाले, तुम्ही सगळं जोडून एक अख्खा किल्ला उभा केला होता.

मी कॉलेजला असताना, एका सुटीत तुमच्याबरोबर वर आले होते तेव्हा, तुम्हाला म्हटलं होतं, ‘बाबा, आज मी बसते गाडीत. तुम्ही जाऊन या. कोण नेतंय गाडी?’ तुम्ही माझ्यावर क्वचितच आवाज चढवायचा. त्या दिवशी चढवला. ‘गाडी कोन नेते हा सवाल नाई! लोकं थकून वापस येतात, तवा गाडीपाशी मानूस पायजे. माह्या भरोशावर गेले ते.’ आणि आठवड्यानं परतवाड्याच्या बाजारातून मला कापडी बूट आणून दिलेत, दगडावर न घसरणारे. ‘तू पाय. तुले सांगता येते नीट.’ ते बूट घालून मी तो किल्ला इतक्यांदा पालथा घातला, त्यावर एम.ए.चा प्रबंध लिहिला, आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी ‘हाच विषय का’ असं विचारल्यावर मी म्हटलं, ‘माझ्या वडिलांना आत जाता आलं नाही म्हणून.’ माझं मलाच भरून आलं. पुढे कितीतरी ठिकाणी मी हे वाक्य वापरलं.

आता मागच्या महिन्याचं. पाऊस ओसरत आला होता. पुण्याचे काही लोक, नागपूरचं एक कुटुंब, अशी गाडी भरलेली. आमचा ड्रायव्हर तिवश्याचा आहे, चाळिशीचा, पोटातलं पाणी हलू न देता गाडी चालवतो. सकाळपासून कटकट होती. घाटातला एक पॉइंट दरड कोसळल्यामुळे बंद होता, आणि नागपूरचे गृहस्थ पास माझ्या तोंडासमोर धरून म्हणत होते, ‘सात लिहिलंय. सहाच दाखवणार असाल तर तसं लिहा ना.’ मी माफी मागत होते. गाविलगडाशी पोचलो तेव्हा माझा गुडघा ठणकत होता. चढता आलंच नसतं असं नाही, रोज चढतेच. पण गाडीचं दार सरकवलं, समोर तो दरवाजा दिसला आणि माझ्या मनानं सरळ नकार दिला. मला पुन्हा तो पक्षी दाखवायचा नव्हता.

मी ड्रायव्हरला म्हटलं, ‘भाऊ, आज तुम्ही घेऊन जा यांना. माझा गुडघा धरलाय. मी बसते गाडीत.’

‘मी? ताई, मले काय सांगता येते?’

‘सांगू नका काही. नुसतं दाखवा.’

‘कदी पायलंच नाई त काय दाखवू?’

चार हंगाम तो माझ्याबरोबर येतोय, बाबा. चार हंगाम मी त्याच्यासमोरून लोकांना घेऊन आत गेले आणि बाहेर आले. मला एकदाही हे सुचलं नव्हतं. मला, जिनं ‘वडिलांना आत जाता आलं नाही’ म्हणून प्रबंध लिहिला. मी काही बोलणार तेवढ्यात पुण्याच्या एक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘चला दादा. आपण दोघंही पहिल्यांदाच बघू. मॅडमना विसावा घेऊ दे.’ त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. शर्ट नीट खोचला, जसा लग्नात जाताना खोचतात, आणि सगळ्यांच्या पुढे नाही, मागे चालत गेला.

मी बसले. चपला काढल्या, पाय समोरच्या सीटवर ठेवले. माकडं आली आणि गेली. ढग खालून वर आले, दरवाजा दिसेनासा झाला, पुन्हा दिसला. कोणी काही विचारत नव्हतं. मला वाटलं होतं मी तुमचा विचार करत बसेन, वाईट वाटेल. तसं काही झालं नाही. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं की मी झोपून गेले, तोंड उघडं टाकून, गाडीत, कामाच्या वेळी.

उठवलं ते फोननं. मालक. गाडी कुठे आहे ते त्यांना अमरावतीत बसून दिसतं. ‘इतका वेळ एका जागी का? ड्रायव्हर फोन उचलत नाही.’ मी सांगितलं, तो आत आहे. पलीकडे भडकाच उडाला. ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, गाईडनं गिऱ्हाईक सोडायचं नाही, तुम्ही दोघांनी दोन्ही सोडलं. कोणाचा पाय घसरला तर? त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही. धुकं वाढलं होतं आणि आतून कोणाचा आवाज येत नव्हता. मग मात्र मी चपला घातल्या आणि गुडघ्याला विसरून दरवाज्यापर्यंत गेले, हाका मारल्या. तुमचं ते ‘माह्या भरोशावर गेले ते’ कानात वाजत होतं आणि मी तर झोपले होते.

आले सगळे. उशिरा, पण आले. ड्रायव्हरनं त्या बाईंचा हात धरला होता आणि नागपूरकरांचा मुलगा त्याच्या खांद्यावर होता. सूर्यास्त हुकला होता. नागपूरचे गृहस्थ त्याबद्दल बोलले, बरंच बोलले. पुण्याच्या बाई म्हणाल्या, ‘सूर्य उद्याही मावळेल हो.’ मी ड्रायव्हरला पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, ‘काय पाहिलं, भाऊ?’

तो बराच वेळ पाणी पीत राहिला. ‘ताई, खरं सांगू? पडेल भिंती हायेत साऱ्या. पन ते तळं! एवढ्या उंचीवर कोनी पानी साठवलं असंन? माह्या मायले दाखवीन म्हनतो. तिले पान्याचं लय कवतिक.’ मग घाट उतरताना, गाडी चालवताना कधीच बोलत नाही तो, मला सांगत राहिला. गवत कुठे भिजलं होतं, तोफेवर पोरानं कसा हात ठेवला, त्या दरवाज्यातून आवाज कसा फिरून येतो. चुकीचंही सांगत होता. मशिदीला राजवाडा म्हणत होता. मी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. तक्रार आली होती, आणि ड्रायव्हरला कामावरून कमी करायचं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, सांगितलं मी होतं, त्याला का? ते म्हणाले, मग तुम्हाला कमी करावं लागेल. मालक वाईट माणूस नाहीत, तक्रार करणाऱ्याला त्यांनाही काही कारवाई दाखवावी लागते. मी म्हटलं, चालेल. त्यांना वाटलं मी भांडेन. चहा सांगितला त्यांनी, आम्ही तो प्यालो, आणि दिवाळीपर्यंतच्या फेऱ्या संपवून मी थांबायचं असं ठरलं. ड्रायव्हरला यातलं काही सांगितलेलं नाही. तो विचारतो, ‘ताई, गुडघ्याचं पाहा बरं, डॉक्टरले दाखवा.’ मी म्हणते, दाखवते. पुढच्या रविवारी तो आईला एस.टी.नं वर नेणार आहे. पास कसा काढायचा म्हणून मला विचारत होता. मी सांगितलं, पास लागत नाही, किल्ला तसाच उघडा असतो.

पुढे काय करणार ते मला माहीत नाही. तुम्हाला विचारायचं होतं ते हे, की तुम्हाला खरंच आत जायचं होतं का? का ती तुमची एकट्याची वेळ होती, दिवसातून एकदाच मिळणारी, बॉनेटला टेकून, आणि मी ती इतकी वर्षं दुःख म्हणून मिरवली? हा कागद मी टाकणार कुठे, परतवाड्याचं घरही आता आपलं नाही. पण एवढं लिहून टाकते. मला तो किल्ला कधीच फारसा आवडला नाही, बाबा. दगड आहेत, गवत आहे, पायाला जळवा चिकटतात. मी आत जायचे ते बाहेर येऊन तुम्हाला सांगायला मिळायचं म्हणून. तुम्ही गेल्यापासून मी हजारो लोकांना तो सांगितला, आणि त्यातल्या एकानंही पाण्याचा रंग विचारला नाही.