मला न ऐकू आलेली शिट्टी

१४ मार्च

प्रिय ताई,

कंबर कशी आहे तुझी? आम्ही इकडे ठीक आहोत, असं आधी लिहून टाकते. भावोजींना सांग, त्यांनी सुचवलेले दोन्ही नवे बँड ऐकले. एकात नुसती आदळआपट. दुसरा मात्र झकास. त्यातली गाणारी पोरगी तुझ्यासारखीच नाकातून गाते. रागावू नकोस.

मग लहर आली म्हणून आपलं जुनं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्यानंतर बारीक घंटी वाजते ना, जिच्यासाठी आपण दोघी श्वास रोखून बसायचो? ती वाजलीच नाही. म्हटलं, कॉपी खराब असेल. मग आपला तो लाडका सिनेमा लावला. नायिका बागेत एकटी उभी असते, तिथे रातकिडेही गप्प. तेवढ्यात लेक आतून ओरडली, "आई, आवाज कमी कर ना, किती किरकिरतायत ते!"

मी सिनेमाच बंद करून टाकला.

आता खरं सांगते. मागच्या महिन्यात स्टुडिओत एका बँडचं रेकॉर्डिंग मी पुरं करून दिलं. वीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे माझ्यामागे कुणी तपासत नाही. दोन दिवसांनी त्यांचा ड्रमवाला आला. "मॅडम, शेवटच्या गाण्यात बारीक शिट्टी वाजत राहते, ती मुद्दाम ठेवलीत का?" मी पुन्हा ऐकलं. मला काहीच ऐकू येईना. तोंडातून निघून गेलं, "हो, मुद्दाम." तो बेहद्द खूश! आता आणखी दोन बँड तसलीच शिट्टी मागताहेत. हसू नकोस गं, मी कुठून आणू ती?

मालकांना सांगितलं तर काम जाईल, आणि मला दुसरं काही येत नाही. म्हणून रोज हेडफोन लावून मान डोलावते. फार भीती वाटते, ताई. कानाच्या डॉक्टरांच्या दारातून दोनदा परत आलेय.

फोन न करता लिहायला बसले ते एवढ्याचसाठी. रविवारी फोनवर तू हळूच काहीतरी म्हणालीस. मला वाटलं, नेहमीची थट्टा असेल. मी खो खो हसले. तू तडक फोन ठेवलास.

काय सांगत होतीस गं? लिहून कळव. मी त्यावर हसायला नको होतं, एवढंच मला कळलंय.

तुझी घाबरलेली,
धाकटी